वरच्या मळ्याचा मालबेक

वास खरोखर घेताना माणूस श्वास एका दमात ओढत नाही, हुंगतो. दोन-तीन आखूड, तुटक श्वास, मग जरा थांबून पुन्हा एक. नाकपुड्या फुलतात, आणि बहुतेकांच्या भुवयांमध्ये बारीकशी आठी पडते. त्या सकाळी बाबांनी ग्लास नाकाशी नेला तेव्हा त्यांचा श्वास एकसंध होता, खिडकीबाहेर बघत बसलेल्या माणसाचा असतो तसा. नाकपुड्या हलल्या नाहीत. ग्लास त्यांनी नेहमीच्याच ऐटीत फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "स्वच्छ आहे. छान आहे. सात नंबरही मिश्रणात घ्या."

सात नंबरच्या पिंपातल्या त्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारत होता.

मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते आणि मला तो ग्लास उचलायच्या आधीच आला होता. पण आमच्या वाइनरीत, चवीच्या खोलीत, एक रीत आहे. आधी बाबा बोलतात, मग आत्या, मग काका आणि शेवटी मी. ही रीत कुणी घालून दिलेली नाही, ती पडत गेली. बाबा जे म्हणत तेच पुढे त्या वाइनचं होई, मग त्यांच्याआधी तोंड उघडून हसं कोण करून घेणार? गावात त्यांना 'नाक' म्हणतात. "नाक घरी आहे का?" असं लोक दारात उभं राहून विचारतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

आत्यानं ग्लास हुंगला, थांबली, पुन्हा हुंगला. रुमालानं नाक पुसून म्हणाली, "मला सर्दी होणार बहुतेक."

काका म्हणाले, "मखमल." वाइन विकायचं काम काकांकडे आहे आणि त्यांना प्रत्येक वाइन मखमल वाटते. मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणजे जरा जुनी मखमल. कपाटात राहिलेली."

"तुला एकदा व्हिनेगर पाजते, धाकट्या," आत्या म्हणाली. "बघू तेव्हा काय म्हणतोस."

दोघांनाही तो वास आला होता. दोघांनीही बाबांच्या नाकापेक्षा स्वतःच्या नाकावर संशय घेतला होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मला हा एकदा प्रयोगशाळेत तपासायचाय."

"आमच्या सायंटिस्टबाईंचा जिभेवर भरवसा नाही," काका म्हणाले.

"तपास की," बाबा म्हणाले. "पण तळघरात मामांना सांगून ठेव, जेवण झालं की पंप सुरू करायचा. वरचा मालबेक आणि खालची पिंपं, सगळं आज एकत्र करून टाकू."

आत्यानं हातातला ग्लास खाली ठेवला. आवाज झाला नाही, पण तिनं तो ज्या सावकाशीनं ठेवला ते मला दिसलं.

वरचा मळा आत्यानं लावलेला आहे. आमचे बाकीचे मळे नदीच्या खोऱ्यात आहेत. वरच्या मळ्यासाठी गाडी डोंगराच्या वळणांवरून चढत राहते आणि शेवटी झाडं संपतात, तिथे तो सुरू होतो. आत्यानं तिथे मालबेक जातीची काळी द्राक्षं लावायचं काढलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "ताई, तिथे शेळ्यासुद्धा स्वेटर मागतील." आत्यानं ऐकलं नाही. तिथे हवा विरळ, ऊन थेट. त्या उन्हापासून बिया वाचवायला द्राक्ष आपली साल जाड करतं, आणि मालबेकचा रंग, त्याचा तुरटपणा हे सगळं सालीतच असतं. रात्री मात्र इतक्या गार की दिवसभर तापलेल्या द्राक्षाला आपला आंबटपणा गमवायला सवडच मिळत नाही. खोऱ्यात पिकलेला मालबेक गोडसर आणि सैल होतो. वरचा पिकतो, पण ढिला पडत नाही. हे सगळं मी मोजलेलं आहे. आत्याला ते न मोजताच पटलेलं होतं, आणि मोजून झाल्यावर तिनं माझ्याकडे "मग? मी काय सांगत होते?" अशा नजरेनं बघितलं होतं.

सुरुवातीला वेली लहान होत्या, वाइन कडक होती. ती खालच्या फिक्या वाइनला रंग यावा म्हणून मिसळत. ते तेव्हा बरोबरच होतं. पण वेली मोठ्या झाल्या तरी मिसळणं थांबलं नाही. दर वर्षी आत्या विचारायची, "यंदा माझा मालबेक एकटा बाटलीत भरायचा का?" दर वर्षी बाबा म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." आता आत्याचे गुडघे गेलेत. या हंगामात ती काठी टेकत मळ्यात फिरली, आणि तोडणी संपल्यावर गाडीत बसताना म्हणाली, "पुढच्या खेपेला मला वर आणायचं तर उचलूनच आणावं लागेल." ती हसत होती. चालकानं आणि मी हसायचं नाटक केलं.

बाबांना वास येत नसावा असं मला हिवाळ्यापासून वाटत होतं. त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतर एकदा ते स्वयंपाकघरात वाचत बसले होते आणि त्यांच्या शेजारी शेगडीवर दूध करपून काळं झालं तरी त्यांना पत्ता नव्हता. मी बाहेरून धावत आले तर म्हणाले, "काय गं, काय झालं?" पण मग तळघरात पिंपं निर्जंतुक करायला लावलेली गंधकाची वात जळत असताना सगळ्यांबरोबर तेही ठसकले आणि मी पुन्हा शंकेत पडले. गंधकाचा धूर नाकाला झोंबतो आणि झोंबणं म्हणजे वास नव्हे, हे मला माहीत आहे. तरी मी तो पुरावा धरून बसले, कारण तो मला हवा होता. आणखी एक निरीक्षण झालं की बोलू, असं स्वतःला सांगत राहिले. शास्त्र शिकलेल्या माणसाला गप्प बसायचं असलं की कारणांना तोटा नसतो.

पण जेवणानंतर पंप सुरू होणार होता. एक बिघडलेलं पिंप सगळ्या वाइनमध्ये गेलं की ते पुन्हा वेगळं काढता येत नाही.

मी प्रयोगशाळेत गेले आणि कपाटातून काळे ग्लास काढले. ते काळ्या काचेचे असतात, म्हणजे आतला रंग बघून जिभेनं आधीच काही ठरवू नये. दोघांत सहा नंबरची वाइन ओतली, एकात सात नंबरची. मग बाबांना हाक मारली.

ते आले, दारातच थांबले. ग्लास बघितले. मग दार लावून घेतलं आणि माझ्या उंच स्टुलावर बसले.

"दोन सारखे, एक निराळा," ते म्हणाले. "निराळा ओळखायचा. हे तुला मीच शिकवलंय."

"हो."

"मग माझी परीक्षा तू घेणार?"

"हो, बाबा."

त्यांना नाही म्हणता आलं असतं. म्हणाले नाहीत. एकेक ग्लास उचलून त्यांनी नाकाशी धरला, घोट घेतला, तोंडात घोळवला, बेसिनमध्ये थुंकला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या शाळेच्या परीक्षेच्या वेळी ते मला म्हणायचे, येत नसेल तर अंदाज ठोकू नकोस. त्यांनीही ठोकला नाही.

"तिन्ही एकच आहेत," ते म्हणाले.

"मधला सात नंबर आहे."

"काय झालंय सातला?"

"ओला पुठ्ठा. पिंपाचं लाकूडच बिघडलंय. ग्लास टेबलावर ठेवला तरी येतोय."

"आणि त्या दोघांना नाही आला?"

"आला ना. आत्याला वाटलं सर्दी होणार. काकांना वाटलं मखमल कपाटात राहिली."

बाबा एकदम हसले. मग हसू ओसरलं. "म्हणजे मी शेण खा म्हटलं असतं तर तेही खाल्लं असतं या दोघांनी."

"काकांनी त्यालाही मखमल म्हटलं असतं."

ते या वेळी हसले नाहीत. काळा ग्लास हातात धरून त्याच्या बुडाशी बोट फिरवत राहिले. "ताप उतरला त्या दिवशी मी तळघरात गेलो. दार उघडलं तर काहीच नाही. मला वाटलं कुणी सगळी पिंपं धुऊन कोरडी करून ठेवलीत. मामांवर ओरडणार होतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"येईल, नाहीतर येणार नाही म्हणाले. एवढं सांगायला किती वर्षं शिकावं लागतं गं?"

मी साधा ग्लास घेतला आणि वरच्या मळ्याच्या मालबेकचा नमुना त्यात ओतला. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. त्या खोलीत एकमेकांशी बोलायची आम्हा दोघांना तेवढीच एक पद्धत माहीत होती.

बाबांनी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. मध्ये वाइन इतकी गडद की कागदावर खाली ठेवलेलं माझं पेन दिसत नव्हतं. कडेला मात्र जांभळा पट्टा होता, उजळ, जवळजवळ गुलाबीकडे झुकलेला.

"रंगात खोट नाही," ते म्हणाले. त्यांनी घोट घेतला. गाल आत गेले, जबडा सावकाश हलला. आता त्यांच्या चेहऱ्यावर नाटक नव्हतं. "आंबटपणा बघ. जिभेच्या कडांना पाणी सुटतं, पण दात शिवशिवत नाहीत. खालच्या वाइनमध्ये हा मला कायम बाहेरून घालावा लागायचा. आणि तुरटपणा चाळणीतून चाळल्यासारखा बारीक. हिरड्यांवर बसतो, ओरखडत नाही." ते थांबले. "गिळल्यावरही मधोमध काहीतरी उभं राहतंय. ढासळत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वासाचं तू सांग."

मी हुंगले. "आधी फुलं. जांभळी, व्हायोलेटसारखी. त्याच्याखाली काळं आलुबुखार, पिकलेलं, पण मुरंबा नाही, ताजं."

"साल की गर?"

"साल. जास्त करून सालच."

"मिरी?"

"थोडी. शेवटी. आणि एक हिरवा वास आहे, हातात चुरडलेल्या पाल्यासारखा, पण कच्चा नाही."

"ते वर वाऱ्याबरोबर द्राक्षांवर येऊन बसतं," बाबा म्हणाले. "बांधावरची झुडपं. मी एकदा ताईला म्हटलं होतं ती काढून टाक म्हणून. बरं झालं ऐकलं नाही." त्यांनी आणखी एक घोट घेतला आणि हा थुंकला नाही. "अजून?"

मी सांगत गेले. ओल्या दगडाचं काहीतरी, अगदी पुसट. लाकडाचा वास आहे पण मागे उभा आहे, पुढे पुढे करत नाही. बाबा प्रत्येक गोष्टीवर मान हलवत होते आणि तोंडातल्या घोटाशी ती ताडून बघत होते. मी फुलं म्हणाले की ते विचारत, "हवेशी आल्यावर वाढली का?" मी ग्लास फिरवून पुन्हा हुंगे आणि म्हणे, "वाढली." वर्षानुवर्षं मी त्या माणसाच्या मागे उभं राहून चव घ्यायला शिकले होते. आज पहिल्यांदाच त्यांनी मला काहीतरी खरोखर विचारलं होतं, आणि उत्तर त्यांना आधीच माहीत नव्हतं.

"मोठी वाइन आहे," ते शेवटी म्हणाले. "ताईनं बाजी मारली."

"मग ती मिसळायची कशाला?"

"आधी दर वर्षी टाळलं तो माझा हट्ट होता. आपणच नको म्हटलेल्या मळ्याला चांगलं कसं म्हणायचं? यंदा तसं नाही." त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. "एकटी भरली तर बाटलीवर माझी सही जाणार. वास न घेता सही कशी करू? इतक्या पिंपांत मिसळून टाकली की कुणाला काय कळतंय."

"सात नंबर सगळ्यांना कळला असता."

"सात काढून टाक गुपचूप. मामांना सांग गळतंय म्हणून." ते पुढे झुकले. आवाज हळू केला, खोलीत आम्ही दोघंच असून. "असं करू. टेबलावर तू माझ्या शेजारी बसायचं. चांगलं असलं तर बोटानं एकदा टेबल वाजवायचं, वाईट असलं तर दोनदा. बाकीचं मी निभावतो. माझं तोंड शाबूत आहे. हे एक वर्ष काढू. पुढच्या वर्षी बघू."

खरं सांगायचं तर हे जमलं असतं. वाइन नीट झाली असती, काका मखमल विकत राहिले असते, आणि बाबांना गावात नाक म्हणत राहिले असते. फक्त आत्याचा मालबेक पुन्हा खालच्या पिंपांत गेला असता. आणि मी बोटं वाजवत राहिले असते, कुणास ठाऊक किती वर्षं, कारण त्या घरात पुढचं वर्ष कधी आलेलंच नाही.

"मी टेबल वाजवणार नाही," मी म्हणाले.

"अगं, बापासाठी एवढं..."

"बापासाठीच. तुम्ही आत्ता ज्या बारकाईनं सांगितलंत ना, आंबटपणा, तुरटपणा, ते मला जमत नाही. मला ते निम्मंच कळतं. पण तुम्ही नाकाचं सोंग करत बसलात की तेही कुणाला ऐकू येणार नाही."

"गाव मला काय म्हणतं, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मग आता काय म्हणतील? जीभ?"

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. मी तिन्ही काळे ग्लास बेसिनमध्ये रिकामे केले. नळ जरा जास्तच जोरात सोडला. "जेवणाआधी मी सगळ्यांना पुन्हा टेबलावर बोलावतेय. मी बोलणार आहे, बाबा. त्याआधी तुम्हाला बोलायचं असलं तर तुम्ही बोला."

"धमकी देतेस?"

"नाही. आधी कळवतेय."

ते उठले आणि दार उघडं टाकून निघून गेले.

जेवणाआधी आम्ही पुन्हा बसलो. प्रत्येकापुढे वरच्या मळ्याचा मालबेक ओतलेला होता. तळघर सांभाळणारे मामा खांद्यावर पंपाची नळी घेऊन दारात उभे होते. तिकडे भात थंड होतोय असं काका तिसऱ्यांदा म्हणाले. आत्यानं काठी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि ग्लासकडे न बघता खिडकीतून डोंगराकडे बघत बसली. काय ऐकायला मिळणार ते तिनं धरूनच चाललं होतं.

बाबा सगळ्यांत शेवटी आले. बसले. ग्लासची दांडी धरली. आम्ही सगळे थांबलो, रीतीप्रमाणे.

त्यांनी ग्लास उचलला, अर्ध्यापर्यंत नेला. तिथेच थांबले. त्यांची नजर टेबलावर माझा हात शोधत होती. माझे दोन्ही हात मांडीवर होते, आणि मी ते तिथेच ठेवले. त्या क्षणाइतकं जड मी आजवर काही उचललेलं नाही.

"बोल ना दादा," काका म्हणाले. "मखमल आहे ना?"

बाबांनी ग्लास खाली ठेवला आणि टेबलावरून सरकवत माझ्यापुढे आणला. लाकडावर काच घासल्याचा आवाज झाला. "आधी ही बोलेल," ते म्हणाले.

काका हसले. "ही? सगळ्यात धाकटी? का रे?"

"मला वास येत नाही," बाबा म्हणाले. मीठ संपलंय हे सांगावं तसं सपाट. "हिवाळ्यापासून. सकाळी सात नंबर सडका होता आणि तुम्ही दोघांनी मान डोलावली. लाज वाटू द्या जरा."

"आम्हाला लाज?" आत्या त्यांच्याकडे वळली. "मी सकाळपासून सुंठ उकळून पितेय, मेल्या! सर्दी नाही, काही नाही!"

दारात मामांनी तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते. काकांनी आपल्या ग्लासात डोकावून बघितलं, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता, आणि चोरून हुंगला. दोन तुटक श्वास, मग थांबून आणखी एक. भुवयांमध्ये आठी पडली. "अरे," ते हळूच म्हणाले, "यात फुलं आहेत."

कुणी हसलं नाही. आत्याचा राग अर्ध्यावरच थांबला होता. तिनं बाबांचा हात दोनदा थोपटला, मग आपला हात परत घेतला आणि माझ्याकडे बघितलं. दर वर्षी ती हा प्रश्न बाबांना विचारायची.

"मग गं," ती म्हणाली. "माझ्या मालबेकचं काय करायचं?"

मामांनी नळी खांद्यावरून उतरवून हातात घेतली आणि ते वाट बघत राहिले. बाबा टेबलाकडे बघत होते. मी ग्लास उचलला, हुंगला, एक घोट घेतला. तो सकाळी होता तसाच होता. मध्ये काहीतरी उभं होतं आणि ढासळत नव्हतं.

"वरच्या मळ्याचा मालबेक कशातही मिसळायचा नाही," मी म्हणाले. "तो एकटा बाटलीत जाईल. पुढच्या वर्षी नाही, यंदाच. आणि यापुढे या टेबलावर आधी मी बोलेन, माझ्यानंतर बाबा."